गारगोटी ते मलकापूर, व्हाया सीपीआर

आमच्या वाडीतल्या आशाताई माझ्या चुलत जाऊबाई लागतात. एरवी ही सोयीचीच गोष्ट. लोहाच्या गोळ्या घरपोच मिळतात, सोनोग्राफीची तारीख त्यांनाच पाठ असते. पण आरोग्य केंद्रात सगळ्या गरोदर बायकांची करतात तशी माझीही बोटाला टोचून एचआयव्हीची तपासणी झाली आणि सिस्टरनी मला एकटीला परत आत बोलावलं, तेव्हा आजाराचा विचार नंतर आला. आधी आठवलं, जाऊबाई बाहेर बाकावर बसल्यात.

सिस्टर शहाण्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "रक्त कमी वाटतंय, गारगोटीला दाखवून या." बास, एवढंच.

बोटाची तपासणी पक्की धरत नाहीत. गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणीचं केंद्र आहे. तिथं आधी समुपदेशक मॅडम बोलतात, आपली संमती घेतात, मग दंडातून रक्त काढून तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात. माझ्या तिन्ही पॉझिटिव्ह आल्या. ह्यांचीही तपासणी झाली. तिचं काय निघालं ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं त्यांच्यापाशी. कुठून आलं हेही नाही. आमचं दोघांचं बोलून झालंय.

मॅडमनी त्याच दिवशी एक हिशेब सांगितला. काहीच उपचार केला नाही तर आईकडून बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के. गोळी चुकवली नाही आणि पुढचं सगळं पाळलं तर ५ टक्क्यांच्या खाली. मी बारावी सायन्स, टक्के मला कळतात. त्या पाचाला धरून मी ते दिवस काढले.

गोळ्या सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या एआरटी सेंटरला; एचआयव्हीची औषधं तिथं मिळतात. मुदाळ तिट्टा, बिद्री करत लाल गाडी सीबीएसला, म्हणजे कोल्हापूरच्या मुख्य स्टँडला, तिथनं रिक्षानं टाऊन हॉलपर्यंत. घरी कारण रक्त कमी असल्याचंच. टीबीसाठी खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम विचारतात, अंगात प्रतिकारशक्ती किती उरलीय ते बघायला सीडीफोरसाठी रक्त घेतात, पण त्याच्या रिपोर्टासाठी गोळी थांबवत नाहीत. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर, तिन्ही एकाच गोळीत, रोज एक. फुकट. २००४ पासून देशात ही औषधं सरकार फुकट देतं, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

गोळीचा त्रास फारसा झाला नाही. भानगड झाली ती लोह-कॅल्शियमची. ही गोळी त्यांच्याबरोबर उपाशीपोटी घेतली तर अंगी नीट लागत नाही. एकतर सगळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या, नाहीतर ही दोन तास आधी. आणि लोहाची गोळी समोर उभं राहून गिळायला लावणाऱ्या माझ्या जाऊबाई! सकाळी नऊला त्या हजर. मग मी एचआयव्हीची गोळी रात्रीच्या जेवणानंतर, भांडी घासून झाल्यावर घ्यायला लागले. त्या वेळी स्वयंपाकघरात कोणी नसतं.

खरा घोळ सातव्या महिन्यानंतर. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माझं माहेर शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पलीकडं. तिथं कुणालाच काही माहीत नाही. आईनं जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नाव घातलं होतं. मी डॉक्टरांना आत जाऊन खरं सांगितलं. त्यांनी फाईल मिटली आणि "आमच्याकडं तशी सोय नाही" म्हणाले. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं असं परत पाठवता येत नाही, हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत असतं तरी आठव्या महिन्याचं पोट घेऊन मी कुणाशी कायदा बोलले असते?

गारगोटीच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, बाळंतपण सीपीआरलाच करा. एकदम पटलं. सासरहून कोल्हापूर, माहेरहूनही कोल्हापूर. कुणाला परकं वाटायचं कारण नाही. आठव्या महिन्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते तपासलं, तो हजाराच्या खाली आला, म्हणून बाळाला एकच औषध सहा आठवडे पुरे, असं ठरलं. एचआयव्ही आहे एवढ्यासाठी सिझर करत नाहीत. माझं नॉर्मल झालं. मुलगी.

तिच्या त्या औषधाच्या, नेव्हिरॅपिनच्या बाटलीवरचं लेबल मी सीपीआरमध्येच काढून टाकलं. रोज एकदा पाजायचं. ते व्हिटॅमिन म्हणून खपलं. मध मात्र खपेना. माहेरी आजी बोटावर मध घेऊन तयार, सहाणेवर बाळगुटी उगाळायची तयारी. आणि मला सांगितलं होतं, सहा महिने फक्त अंगावरचं, पाण्याचा थेंबसुद्धा नाही; दुधासोबत दुसरं काही गेलं की बाळाच्या नाजूक आतड्याला इजा होते आणि लागणीचा धोका वाढतो. एकच काहीतरी, अर्धं हे अर्धं ते नको. पाचवीला बायका जमल्या, प्रत्येकीचं एक औषध. "एवढ्याशा मधानं काय हुतंय?"

त्या रात्री मी आईला सांगितलं. सगळं. आई बराच वेळ बाळाचे कपडे घड्या घालत बसली. मग म्हणाली, "म्हातारीला मी सांगतो. डॉक्टरनं न्हाई म्हटलंय म्हणून." सकाळी मधाची बाटली फळीवर नव्हती. आजी आईशी दोन दिवस बोलली नाही.

दीड महिन्याच्या लसीच्या वेळीच टाचेतून रक्ताचे थेंब एका कार्डावर घेतात, वाळवून लॅबला पाठवतात. त्यामुळं घरी वेगळं कारण लागलं नाही. परत तपासणी सहा महिन्यांना आणि वर्षाला. साधी तपासणी लवकर करून उपयोग नसतो, आईच्या अंगानं विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात आलेली असतात, ती पॉझिटिव्ह दाखवते. शेवटची अठराव्या महिन्यात, तीही अंगावरचं सोडून काही आठवडे झाले असतील तर. दरम्यान दुसरे जंतुसंसर्ग होऊ नयेत म्हणून सेप्ट्रानचं सिरप. पहिला रिपोर्ट यायला वेळ लागला, त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मी जेवत होते आणि झोपत नव्हते.

सगळे निगेटिव्ह आले. अठरा महिन्यांचाही.

ज्यांना गावातल्या कुणालाच विचारायचं नाही त्यांच्यासाठी १०९७ हा फुकट नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही. मी पहिल्या आठवड्यात केला होता. मराठीत बोलतात.

माझी गोळी चालूच आहे, ती कायमची. एचआयव्हीच्या रुग्णांना उपचारासाठी जायला एसटी फुकट आहे. सेंटरवाले कागद द्यायला तयार आहेत, दर वेळी विचारतात. पण गारगोटी गाडीचे कंडक्टर आमच्याच भागातले, एक तर ह्यांच्याबरोबर शाळेत होते. मी बायकांचं अर्धं तिकीट काढते.