रावेन्ना: खांबांवर उरलेले हात

इटलीतल्या रावेन्ना शहरात सांत आपोलिनारे नुओव्हो या चर्चच्या दारातून आत गेलं की बहुतेक जण सरळ वेदीकडे चालू लागतात. तसं करू नका. दोन पावलं टाकून थांबा आणि उजव्या भिंतीकडे वर पाहा. तिथे मोझॅकमध्ये एक राजवाडा आहे: पांढरे खांब, सोनेरी कमानी, प्रत्येक कमानीत गाठ मारलेला पडदा, वर लॅटिनमध्ये ‘पलातिउम’ (राजवाडा) अशी अक्षरं. माणूस एकही नाही. आता दुर्बीण लावून खांब पाहा. एका खांबावर मनगट आणि बोटं दिसतील. दुसऱ्यावरही हात आहे. शरीर नाही, नुसता हात.

हा राजवाडा थिओडोरिकचा. ४०२ साली सम्राट होनोरियसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून इथे दलदलीच्या आडोशाला आणली. ४९३ मध्ये शहर ऑस्ट्रोगॉथ या जर्मॅनिक लोकांचा राजा थिओडोरिक याच्या हाती आलं आणि ५२६ पर्यंत त्याचं राज्य चाललं. गॉथ लोक एरियन पंथाचे ख्रिस्ती होते. (आर्य या शब्दाशी याचा काही संबंध नाही. अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूवरून हे नाव पडलं.) पुत्र (येशू) हा पित्याने (देवाने) निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नाही, असं त्यांचं म्हणणं. ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेने हे मत पाखंड ठरवलं होतं. ५४० मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, सैन्याने रावेन्ना घेतलं, आणि पुढे ५६१ च्या सुमारास बिशप आग्नेलसच्या काळात थिओडोरिकचं हे चर्च कॅथलिकांकडे आलं. कमानींतला राजा आणि त्याचे दरबारी तेव्हा काढले गेले. त्यांच्या जागी पडदे आले.

मग हात कसे राहिले? माझ्या मते याचं उत्तर कामाच्या पद्धतीत आहे. मोझॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या घरातली ठिपक्यांची फरशी येते, पण हे काम वेगळं. भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याचे दोन-तीन थर देतात. शेवटचा थर ओला असताना त्यावर चित्र रंगवून घेतात आणि तो घट्ट व्हायच्या आत काचेचे तुकडे एकेक करून हाताने दाबतात. म्हणून एका दिवसात बसवता येईल तेवढाच पट्टा लावायचा. बदल करायचा तर काचेचे तुकडे आणि त्यांच्याखालचा गिलावा, दोन्ही खरवडून पुन्हा भरावं लागतं. कमानीच्या आतला भाग सलग, तो उकरून पडदा भरणं सोपं. पण ज्या माणसाचा हात खांबावर आडवा आला होता, त्याच्यासाठी अख्खा खांब उकरावा लागला असता. तेवढं कोणी केलं नाही.

समोरच्या डाव्या भिंतीवर क्लासे बंदराचं चित्र आहे. तिथल्या तटबंदीतही विटांचा रंग मध्येच बदलतो. तिथेही माणसं होती.

याच चर्चमध्ये वरच्या पट्ट्याला हात लागलेला नाही. दोन्ही भिंतींवर प्रत्येकी १३ प्रसंग आहेत आणि ते थिओडोरिकच्याच काळातले. डावीकडे चमत्कार आणि दृष्टान्त, तिथला येशू तरुण, बिनदाढीचा. उजवीकडे शेवटच्या दिवसांतले प्रसंग, तिथला येशू दाढीवाला. क्रूसावर चढवल्याचा प्रसंग मात्र कुठेच नाही. खालच्या पट्ट्यात पांढऱ्या वस्त्रांतल्या हुतात्म्यांची रांग आहे, ती नव्या मालकांनी घातलेली. रांगेत पहिला आहे फ्रान्समधल्या तूरचा बिशप मार्टिन, इतरांपेक्षा वेगळ्या, गडद झग्यात. पाखंडाशी लढणारा म्हणून त्याचा लौकिक होता आणि तेव्हा चर्चलाही त्याचंच नाव देण्यात आलं. समोरच्या रांगेत कुमारिकांच्या पुढे पूर्वेकडचे तीन ज्ञानी बाळ येशूकडे भेटी घेऊन धावताहेत. त्यांच्या टोप्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नका, डोक्यांचा भाग एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीतला आहे.

दुरुस्तीचा हा मुद्दा दोन बाप्तिस्मागृहांत (ख्रिस्ती दीक्षेचं स्नान देण्याच्या वास्तूंत) सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. शहरात एक एरियनांचं आहे आणि एक कॅथलिकांचं, त्याला निओन बिशपचं नाव आहे. दोन्हींच्या घुमटात एकच विषय: जॉर्डन नदीत कमरेपर्यंत पाण्यात उभा येशू, बाजूला त्याला बाप्तिस्मा देणारा योहान, आणि म्हाताऱ्याच्या रूपातली स्वतः जॉर्डन नदी. एरियन घुमटात येशू कोवळा, बिनदाढीचा. निओनच्या घुमटात दाढीवाला. यावरून ‘एरियन लोक येशूला कमी लेखत, म्हणून त्याला पोरगा दाखवला’ असं स्पष्टीकरण सहज दिलं जातं. ते टिकत नाही. निओनच्या घुमटातलं येशूचं डोकं, योहानाचं डोकं, त्याच्या हातातलं पात्र आणि पवित्र आत्म्याचं कबुतर हे सगळं नंतरच्या दुरुस्तीत भरलेलं आहे. शिवाय थिओडोरिकच्या चर्चमध्ये एकाच एरियन राजाने दोन्ही चेहरे करवून घेतले, ते आपण आत्ताच पाहिलं. पंथांचं भांडण चेहऱ्यात शोधू नये. ते नावांत, मालकीत आणि खरवडलेल्या जागांत सापडतं.

सान व्हिताले हे चर्च ५४७ मध्ये बिशप मॅक्सिमियनच्या हस्ते पवित्र झालं. खर्च २६,००० सुवर्णनाणी, देणारा युलियानस आर्जेन्तारियस. वेदीच्या डावीकडे मोझॅकमध्ये बायझंटाइन सम्राट जस्टिनियन, उजवीकडे सम्राज्ञी थिओडोरा. दोघंही रावेन्नाला कधी आले नाहीत. जस्टिनियनच्या पट्ट्यात नाव लिहिलंय ते एकट्या मॅक्सिमियनचं. थिओडोराच्या झग्याच्या काठावर तेच तीन ज्ञानी भेटी घेऊन वाकलेले आहेत, आणि तिच्या दागिन्यांतले मोती म्हणजे खरे शिंपले कापून लावलेत.

इथे सोनं नीट पाहा. जाड काचेवर सोन्याचा वर्ख, त्यावर पुन्हा काचेचा अगदी पातळ थर, असं भाजून मग ते हातोडीने छिन्नीच्या धारेवर तोडतात. वरचा पातळ थर निघाला की वर्खही जातो आणि तिथे मंद, काळपट ठिपका उरतो. दुर्बिणीतून असे ठिपके कितीतरी दिसतात. तुकडे भिंतीत सपाट बसवलेले नाहीत, थोडे तिरके आहेत, म्हणून आपण पाऊलभर सरकलो की उजळणारी जागा बदलते. एकाच ठिकाणाहून फोटो काढून निघालात तर हे कळणारच नाही. चेहऱ्यांसाठी तुकडे फार बारीक, कपड्यांसाठी मोठे.

त्याच आवारात होनोरियसची सावत्र बहीण गाल्ला प्लासिदिया हिची छोटी समाधी आहे. (ती ४५० मध्ये रोममध्ये वारली, बहुधा इथे पुरलेली नाही.) आत साधारण पाचच मिनिटं मिळतात, कारण माणसांच्या श्वासाने दमटपणा वाढतो. उन्हातून थेट आत गेलात तर त्यातली दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावण्यात जातात. म्हणून आधी सान व्हितालेत अर्धा तास काढा, मग इकडे या. खिडक्यांना काच नाही, पातळ अलाबास्टर दगड आहे, १९११ मध्ये बसवलेला. त्या मधाळ उजेडात निळा घुमट आणि सोनेरी तारे हळूहळू वर येतात. त्या वेळी बोलूही नये असं मला मनापासून वाटतं.

बोलोन्याहून ट्रेनने सव्वा तास लागतो आणि गावातलं सगळं पायी होतं. बिशपच्या अखत्यारीतल्या पाच वास्तूंचं तिकीट एकत्र मिळतं. समाधी आणि निओनच्या बाप्तिस्मागृहासाठी मात्र वेळ आधी ठरवून घ्या. एरियन बाप्तिस्मागृह, थिओडोरिकची दगडी कबर आणि गावाबाहेरचं क्लासेचं चर्च यांची तिकिटं वेगळी असतात, इथे हमखास घोळ होतो. आठपट दुर्बीण पुरते, फ्लॅश चालत नाही.

जमीन खचणं हा इथला जुना आजार आहे. समाधीची मूळ फरशी आजच्या फरशीखाली सुमारे दीड मीटर, निओनच्या बाप्तिस्मागृहाची जवळपास तीन मीटर. डोळ्यांनी पाहायचं असेल तर सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये जा. १३२१ मध्ये इटालियन कवी दान्तेचा अंत्यविधी इथेच झाला. वेदीखालच्या झरोक्यातून वाकून पाहिलं की खालचं तळघर पाण्याने भरलेलं दिसतं. नाणं टाकलं की दिवा लागतो. पाण्याच्या तळाशी जुन्या मोझॅक फरशीचे तुकडे आहेत, आणि त्यांच्यावरून सोनेरी मासे फिरत असतात.