एकाच भांड्यात संत्रे आणि कोको: चार प्रयत्नांची नोंद

आमच्या घरी आईचा आणि माझ्या मुलीचा वाढदिवस फेब्रुवारीच्या एकाच आठवड्यात येतो. आईला संत्र्याचा केक आवडतो, मुलीला चॉकलेटचाच हवा असतो, आणि दोन स्वतंत्र केक केले की दोन्ही अर्धे उरतात. म्हणून यंदा मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, नागपुरी संत्री बाजारात आल्यावर, आठ इंची गोल भांड्यात अर्धा संत्र्याचा आणि अर्धा कोकोचा असा एकच केक भाजायचे मी ठरवले. मध्ये पडदा कसा घालावा याचाच विचार मी सुरुवातीला करत होते. दोन्ही मिश्रणे सारखीच दाट हवीत आणि भट्टीत सारख्याच वेगाने फुलायला हवीत, ही खरी अडचण पहिला केक कापल्यावर समजली.

मूळ प्रमाण माझे नेहमीचेच आहे: मैदा 200 ग्रॅम, साखर 180 ग्रॅम, मीठविरहित लोणी 170 ग्रॅम, तीन अंडी, दूध 90 मिली आणि दोन लहान चमचे बेकिंग पावडर. पहिल्या खेपेस मी संपूर्ण मिश्रण तयार करून त्याचे दोन भाग केले, एका भागात 20 ग्रॅम कोको चाळून घातला आणि दुसऱ्यात संत्र्याच्या सालीचा कीस व दोन मोठे चमचे रस. कोको मैद्यापेक्षा बराच जास्त ओलावा शोषतो, त्यामुळे तो भाग शिऱ्यासारखा घट्ट झाला. रसामुळे दुसरा भाग सैल पडला. पडदा काढताच संत्र्याचे मिश्रण कोकोच्या खाली सरकले. भाजल्यावर केक एका बाजूने चांगला फुललेला आणि दुसऱ्या बाजूने बुटका निघाला, आणि कोकोचा भाग कोरडा लागला.

दुसऱ्या प्रयत्नापासून क्रम बदलला. लोणी, साखर आणि अंडी फेटून झाल्यावर, मैदा घालण्यापूर्वीच, त्या मिश्रणाचे काट्यावर तोलून दोन समान भाग केले. संत्र्याच्या भागात 100 ग्रॅम मैदा; कोकोच्या भागात 80 ग्रॅम मैदा आणि 20 ग्रॅम कोको, म्हणजे कोरड्या पदार्थांचे वजन दोन्हीकडे सारखे राहिले. दूध मात्र सारखे वाटायचे नाही. संत्र्याच्या भागाला 35 मिली पुरते, तर कोकोला 60 मिली लागते. हे 60 मिली दूध गरम करून त्यात कोको आधी कालवला की गुठळ्या राहत नाहीत आणि स्वादही खुलतो, पण तो पूर्ण निवल्याशिवाय मिश्रणात घालू नये, नाहीतर लोणी वितळते. संत्र्याचा रस मी पूर्णपणे वगळला, कारण स्वाद सालीतल्या तेलात असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने ती किसणीखाली दबते आणि आतला कडू पांढरा थरही निघून येतो. फळ न सोलता, हलक्या हाताने आणि बारीक किसणीवरच किसावे लागते. तो कीस चमचाभर साखरेत बोटांनी चोळून ठेवला की साखर ओलसर आणि केशरी होते, आणि त्या वासाने स्वयंपाकघर भरून जाते.

एवढे करूनही दुसरा केक बिघडला, आणि ती चूक सोड्याची होती. साधा कोको आम्लधर्मी असतो, म्हणून त्याच्यासोबत चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. माझ्याकडचा डबा मात्र डच पद्धतीने प्रक्रिया केलेल्या कोकोचा होता. त्यातील आम्लता अल्कली वापरून आधीच कमी केलेली असते. सोड्याला संयोगासाठी पुरेसे आम्लच मिळाले नाही आणि त्या भागाला साबणासारखी चव आली. डब्यावरची बारीक अक्षरे वाचूनच सोड्याचा निर्णय घ्यावा. आता मी दोन्ही भागांत एकेक लहान चमचा बेकिंग पावडरच घालते, तीही दोन्हींचे दूध मोजून तयार झाल्यावर, कारण ओलावा लागताच तिचे काम सुरू होते आणि ताटकळत राहिलेला भाग कमी फुलतो.

पडद्यासाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइलची चार पदरी पट्टी पुरते. तिच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक डाव मिश्रण घालत जावे, म्हणजे ती कलत नाही, आणि शेवटी सरळ वर उचलून काढावी. दाटपणा जुळला आहे की नाही हे मी चमच्यातून पडणाऱ्या धारेवरून ठरवते: दोन्हींची धार सारख्याच वेळात मिसळून दिसेनाशी झाली पाहिजे.

तिसऱ्या केकचे मिश्रण उत्तम जमले होते, तरी कोकोची बाजू कडेला करपली. माझा ओटीजी (विजेची छोटी घरगुती भट्टी) मागच्या बाजूला जास्त तापतो आणि मी भांडे असे ठेवले होते की कोकोचा संपूर्ण भाग मागे गेला. गडद रंगामुळे तो करपत असल्याचे वेळेत दिसलेही नाही. चौथ्या वेळी दोन स्वादांमधली रेघ दारापासून मागच्या भिंतीकडे जाईल असे भांडे ठेवले, 170 अंश सेल्सिअसवर भाजायला लावून तिसाव्या मिनिटाला अर्धे फिरवले, आणि विणायची सुई दोन्ही भागांत स्वतंत्रपणे टोचून पाहिली. पंचेचाळिसाव्या मिनिटाला दोन्हीकडे सुई स्वच्छ निघाली. थर्मामीटरवर दोन्हीकडे 97 अंश होते.

हा केक दोन्ही बाजूंना सारखा उंच आला. रेघ थोडी वळणदार आहे, पण भेग नाही आणि दोन्ही भाग एकमेकांना घट्ट धरून आहेत. गोल केकचे नेहमीसारखे त्रिकोणी तुकडे केले तर बहुतेकांच्या ताटलीत एकच स्वाद येतो, म्हणून मी रेघेला काटकोनात सरळ पट्ट्या कापल्या. आईने संत्र्याच्या टोकाकडून खायला सुरुवात केली, मुलीने कोकोच्या. पुढच्या आठवड्यात हीच दोन मिश्रणे, याच मापाने, भांड्याच्या मध्यभागी एकावर एक चमचा घालत, झेब्र्यासारखे पट्टे दिसणाऱ्या झेब्रा केकसाठी वापरून पाहणार आहे. तिथे पडदा नसतो, त्यामुळे दाटपणातला फरक लगेच उघडा पडेल.