मुंबईतून बाईकवर बाहेर पडायचं झालं तर

बाईकने मुंबईबाहेर पडायचे रस्ते किती, हे एकदा नकाशा समोर घेऊन मोजा. टोलनाके जेवढे तेवढेच निघतात : दहिसर, मुलुंडचा एलबीएस रस्ता, मुलुंडलाच हायवेवरचं आनंदनगर, ऐरोली आणि वाशी. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कारलाही टोल नाही, दुचाकीला आधीही नव्हताच. पण दारं पाचच. आणि त्या प्रत्येक वाटेवर खाडी आहे. वाशी-ऐरोलीला ती लगेच लागते, मुलुंडवरून निघालात तर ठाणं मागे टाकताना साकेत आणि खारेगावचे पूल येतात, दहिसरवरून गेलात तर वर्सोव्याच्या पुलाखाली वसईची खाडी.

पूर, वायुगळती असं काही होऊन शहर सोडावं लागलं तर काय करायचं, हे आमच्या घरी ठरलंय. त्यात गावाला पोचणं हे नंतरचं. आधी दोन गाड्या, चार माणसं, खाडीपार. माझी शाईन, भावाची पल्सर, आई माझ्या मागे, बाबा त्याच्या मागे. पलीकडे गेलो की शहापूरला मावशी आहे, तिथे पाठ टेकायची. मग पुढचं बघू.

आम्ही चेंबूरला टिळकनगरमध्ये राहतो. दक्षिणेला माहुलच्या रिफायनऱ्या आणि खतांचा कारखाना, पश्चिमेला मिठी नदी आणि कुर्ल्याचा सखल भाग. ८ ऑगस्ट २०१८ ला माहुलच्या एका रिफायनरीत स्फोट झाला, तेव्हा चेंबूरभर खिडक्या हादरल्या. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आमच्यासारखी माणसं कार घेऊन निघतील तर अमर महल जंक्शनलाच अडकतील. बाईक दोन ट्रकच्या फटीतून निघते, उलटी वळवता येते, गरज पडली तर चौघं मिळून दुभाजकावरून उचलूनही नेता येते.

पण कधी निघायचं, याआधी कधी निघायचं नाही हे ठरवायला हवं.

पुरात निघायचं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. म्हणजे आपल्या खिडकीतून दिसतं त्यावरून पुढे काय वाढून ठेवलंय ते कळत नाही. त्या दिवशी जी माणसं ऑफिसात, शाळेत, कोणाच्या तरी जिन्यात थांबली ती बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी आली. बंद गाड्यांमध्ये गुदमरून गेलेलेही होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, पाणी चढलं तर वरच थांबणार. सलग दोन-तीन दिवस वीज-पाणी नाही अशी वेळ आली, तर ओहोटी बघून निघायचं. मुंबईचं पाणी समुद्राकडे बघून उतरतं. भरती साधारण सव्वाबारा तासांनी परत येते, मधले सहा तास पाणी ओसरायचे. महापालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा जाहीर करते. तो कागद आमच्या फ्रिजवर लावलेला असतो, साडेचार मीटरच्या वरच्या भरतीखाली लाल रेघ मारून.

वायुगळतीचं वेगळं. तिथे बऱ्याचदा दारं-खिडक्या लावून, फटींना ओली फडकी लावून घरातच थांबा असं सांगतात आणि ते ऐकायचं. क्लोरीनसारखा वायू हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, त्यामुळे धावत रस्त्यावर उतरण्यापेक्षा वरचा मजला बरा. पण निघा असा आदेश आलाच, तर वाऱ्याला आडवं जायचं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे माहुलचं जे काही असेल ते गोवंडी-मानखुर्दच्या दिशेने जाणार. वाशीचा रस्ता नेमका तिथूनच जातो. इतर दिवशी मला सगळ्यात जवळचा पूल तोच, पण पावसाळ्यातल्या गळतीत तो बाद. तेव्हा सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडने पश्चिमेला जायचं, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे धरायचा आणि मग उत्तरेला. थंडीत, विशेषतः पहाटे, वारा बऱ्याचदा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तेव्हा हिशोब बदलतो. आमच्या गच्चीवरून रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत दिसते. ती कुठे झुकलीय हे बघायला एक मिनिट लागतं. घरातल्या चौघांनाही ते बघायला शिकवलंय, आईलासुद्धा.

रस्ते ठरवताना बाईकवाल्याने एक यादी पाठच करावी : दुचाकी कुठे नेता येत नाही. सी लिंकवर नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर नाही, जेजे फ्लायओव्हरवर नाही, पुणे एक्स्प्रेसवेवर नाही. मुंबईत अलीकडे झालेले बरेच मोठे रस्ते आपल्यासाठी बंद आहेत. आणीबाणीत पोलीस सोडतीलही, पण त्या भरवशावर घर सोडता येत नाही. शिवाय अटल सेतू जवळपास २२ किलोमीटरचा, त्यातला बराचसा उघड्या समुद्रावर. वादळी वाऱ्यात त्यावर मागे म्हातारं माणूस बसवून जायला कोणी सांगितलं तरी मी जाणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बाईक नेते, पण हवामान बिघडलं की पहिली तीच थांबते.

मग आमचे एरवीचे रस्ते तीन. पहिला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाणे, माजिवडा, खारेगाव, माणकोली, रांजणोली, पडघा, शहापूर. दुसरा वाशी, कळंबोली, पनवेल आणि जुन्या पुणे रस्त्याने खोपोली. तिसरा ऐरोली, महापे, शिळफाटा, कल्याण. तिन्ही मी आणि भावाने रविवारी पहाटे आणि आठवड्यातल्या संध्याकाळी अशा दोन्ही वेळी चालवून बघितलेत. संध्याकाळी माणकोली-रांजणोलीला भिवंडीच्या गोदामांचे ट्रक असे उभे असतात की बाईकलाही वाट नसते. तिथे सर्व्हिस रोड कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कुठल्या ढाब्यामागून कच्चा रस्ता आहे, हे कुठलाही नकाशा सांगत नाही.

पाण्यातून बाईक काढण्याबद्दल खूप चुकीचं बोललं जातं. सायलेन्सर बुडाला म्हणून गाडी लगेच बंद पडत नाही, रेस धरून ठेवली तर एक्झॉस्ट पाणी बाहेर ढकलतो. गाडी मरते ती एअर फिल्टरमधून पाणी आत गेल्यावर. आमचा नियम, साचलेलं पाणी चाकाच्या ॲक्सलपर्यंत असेल तर पहिला गिअर, हाफ क्लच, एकसारखी रेस, मध्ये थांबायचं नाही. त्यावर असेल तर नाही. वाहतं पाणी असेल तर घोट्याएवढं असलं तरी नाही. आणि मागचा माणूस आधी उतरून काठीने चाचपत पुढे गेल्याशिवाय तर नाहीच. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टनजवळ एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्या रस्त्याने ते काही पहिल्यांदा चालत नव्हते. गाडी पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारायचा नाही. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत कोरड्यावर आणायची, प्लग काढायचा, किक मारून पाणी उडवायचं, प्लग पुसून परत लावायचा. प्लगपाना म्हणूनच सीटखाली असतो.

आता आई. या सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर गेला आणि तो जायलाच हवा होता.

आई आयुष्यभर साडीत आणि बाईकवर एका बाजूला बसत आलेली. "अगं, मी काय आज बसतेय का? पडायची नाही." चेंबूर नाक्यावर भाजीला जायला ते चालतं. गर्दीत हळू जाताना मात्र सगळं वजन डावीकडे जातं, तिचे गुडघे बाहेर येतात आणि बाईकचा जो एकमेव फायदा, अरुंदपणा, तोच जातो. म्हणून पंजाबी ड्रेस आणि दोन्हीकडे पाय. ती तयार झाली, पण गुडघा वर जाईना. शेवटी आमच्या विंगच्या ओट्याला लागून गाडी उभी केली. मी बसून पुढचा ब्रेक घट्ट धरला, तिने ओट्यावरून माझ्या खांद्यावर दोन्ही हात ठेवले, डावा पाय फूटरेस्टवर, मग उजवा हळूच पलीकडे. बसली. रस्त्यात ओटा नसतो, पण फूटपाथ असतो, दुभाजक असतो, तेवढी उंची तिला पुरते हे करून बघितलंय.

मग हेल्मेट. मागच्यालाही ते लागतंच, पण आईचा अंबाडा आत मावेना. हेल्मेट वर तरंगत राहायचं, पट्टा गळ्याला काचायचा. आता निघायचं म्हटलं की ती आधी अंबाडा सोडून खाली सैल वेणी घालते. हे आधी माहीत असलं तर दोन मिनिटांचं काम, ऐन वेळी कळलं तर जिन्यातच रडारड. वाशीचा पूल ओलांडून आम्ही तिला परत आणलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "पाठीला टेकायला काही नाही का गं?" त्यानंतर मागे कॅरिअर आणि बॅकरेस्ट बसवला. मागच्याच्या पाठीवर सॅक द्यायची नाही हेही तेव्हाच ठरलं, सॅकचं वजन आईला मागे ओढत होतं. सामान सीटवरून दोन्हीकडे लोंबणाऱ्या सॅडलबॅगमध्ये.

बाबा इन्सुलिन घेतात. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण महिनाभर फ्रिजबाहेर टिकतं, पण ऊन आणि इंजिनाची धग त्याला चालत नाही. म्हणून ते सॅडलबॅगमध्ये नाही, बाबांच्या शर्टाच्या आतल्या पाऊचमध्ये. त्याच पाऊचमध्ये ग्लुकोज बिस्किटं. त्यांचे पाय बधिर होतात, त्यामुळे पाऊण तासाला थांबायचं, मग मागे जग बुडत असलं तरी.

टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. १ आणि २ जानेवारी २०२४ ला टँकरचालकांचा संप झाला तेव्हा मुंबईत पंपांवर जी रांग लागली ती संपाची बातमी आल्या आल्या लागली. अर्धी टाकी म्हणजे पाच लिटर, डबलसीट असलं तरी दोनशे किलोमीटर आरामात. बाटलीत, कॅनमध्ये पेट्रोल साठवून घरात ठेवणं मला अजिबात मान्य नाही. चाळीत, सोसायटीत ते आपल्यापेक्षा आधी शेजाऱ्यांना जाळेल. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईभर वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. असं काही लांबलं तर मोबाईलचे टॉवर गप्प होतात आणि यूपीआय चालत नाही. तेव्हापासून दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवलेल्या आहेत. पाचशेची नोट घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलात तर सुट्टे त्याच्याकडेही नसतात. फोन नंबर वहीत लिहिलेले. त्यात महापालिकेचा १९१६ आणि पोलिसांचा ११२ सगळ्यांना तोंडपाठ. आपापसात फोन लागला नाही तर निरोप मावशीकडे, कारण शहरातल्या शहरात लाइन लागत नसली तरी बाहेर लागू शकते.

गाडीला जादा क्लच केबल आधीच्या केबलला समांतर बांधून ठेवली आहे, तुटली तर फक्त टोकं जोडायची. ट्यूबलेस टायरचं किट, हातपंप, चेनचा लॉक, दोन फ्यूज. एवढं बास.

घाटांबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात माळशेज नको, दरडी येतात. कल्याण-मुरबाड रस्त्यावर उल्हास नदी फुगली की रायत्याचा पूल बंद होतो. कोकणात जायची भावाची फार इच्छा, पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा सावित्रीचा जुना पूल वाहून गेला आणि त्यासोबत दोन एसटी गेल्या. अंधार आणि पूर असेल तर जुन्या पुलाच्या अलीकडे थांबायचं, उजाडेपर्यंत. यावर आमच्यात वाद नाही.

मे २०२० मध्ये नाशिक हायवेवरून माणसं चालत गेली, रिक्षा थेट उत्तर प्रदेशात गेल्या. तेव्हा गावागावांतून लोकांनी पाणी आणि खिचडी दिली हे मी विसरणार नाही. पण ज्यांच्याकडे चाक नव्हतं ते पायीच राहिले, हेही. म्हणून आमच्या विंगमध्ये एक यादी केली आहे : कोणाच्या बाईकची मागची सीट रिकामी राहते आणि कोणाकडे गाडीच नाही. तळमजल्यावरच्या काकू एकट्या आहेत, त्या पहिल्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलाच्या मागे बसणार. त्यांचा सराव अजून व्हायचाय. त्यांचा अंबाडा आईपेक्षा मोठा आहे, ते आईने आपल्या अंगावर घेतलंय. चौथ्या मजल्यावरचे आजोबा व्हीलचेअरवर आहेत, त्यांना बाईकवर नेता येणार नाही. त्यांच्या मुलाशी मी बोलले. रेड अलर्ट लागला की बाकी कोणी हलायच्या आधी, रस्ते मोकळे असतानाच, ते कारने बदलापूरला लेकीकडे जाणार. सोसायटीची जुनी लिफ्ट तोवर चालू राहायला हवी, त्यासाठी जनरेटरचा प्रस्ताव येत्या सभेत मी मांडणार आहे.