पिशव्या कुठायत?

सुट्टीत चिपळूणला गेलो की दोन दिवस तब्येतीच्या चौकशीत जातात आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "तुमच्या दुबईत म्हणे गावाएवढाले मॉल आहेत. पण एवढं गिऱ्हाईक येतं कुठून? चालतात का सगळे?" मी तिकडे कपड्यांच्या दुकानांच्या एका साखळीत हिशेब बघतो. एकोणीस वर्षं झाली. रोज रात्री दुकान बंद झालं की प्रत्येक गल्ल्याचा आकडा माझ्यापर्यंत येतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या गळ्यात पडणं साहजिकच आहे. माझं उत्तर असं, की माणसं रगड येतात, गिऱ्हाईक त्यामानाने थोडं असतं, आणि मॉलच्या मालकाला त्याचं फारसं दुःख नसतं. दुःख असतं ते गाळेवाल्याला.

हे माझ्याआधी काकांनी ओळखलं. काका म्हणजे मावशीचे यजमान, बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात दोघं आमच्याकडे आली होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांना दुबई मॉल दाखवायला नेलं. मी उत्साहाने आकडे सांगत होतो. बाराशेच्या आसपास दुकानं. २०२४ मध्ये अकरा कोटी दहा लाख भेटी, असं खुद्द एमार ही मालक कंपनीच सांगते. म्हणजे दिवसाला तीन लाख. अख्ख्या दुबईची वस्ती तेव्हा चाळीस लाखांच्या आत. बाहेरून येऊन मुक्काम करणारे पाहुणे त्या वर्षी एक कोटी सत्त्याऐंशी लाख. काकांनी सगळं ऐकून घेतलं, गर्दीकडे बघितलं आणि विचारलं, "अरे, पण पिशव्या कुठायत?"

मावशी मत्स्यालयासमोर रमली होती. काका मेट्रोकडे जाणाऱ्या पुलाच्या तोंडाशी बाकड्यावर बसले आणि बाहेर पडणारी माणसं मोजायला लागले. शंभर मोजली. बावीस जणांच्या हातात पिशवी होती. त्यातल्या तेरा खाऊच्या, चॉकलेट आणि खजुराच्या. उरले नऊ.

"शंभरात नऊ?" काका म्हणाले. "आमच्याकडे पायरी चढला तो घ्यायलाच आलेला असतो. फार तर 'मुलीला घेऊन येतो' म्हणून सटकतो."

आता एका बाकड्यावरून एका संध्याकाळी केलेली मोजणी म्हणजे काही शास्त्र नव्हे. श्रीमंत गिऱ्हाईक मेट्रोने येत नाही. ते फॅशन अ‍ॅव्हेन्यूच्या, म्हणजे महागड्या ब्रँडांच्या दालनाच्या बाजूला गाडीतून उतरतं आणि त्यातल्या एकाची खरेदी आमच्या दुकानाच्या आठवड्याच्या गल्ल्याला भारी पडते. पण काकांचं बोट बरोबर जागी पडलं होतं. दारावरच्या मोजणी यंत्राला डोकी कळतात, हेतू कळत नाही. बाहेरचं कारंजं बघायचं तर मेट्रोवाल्यांचा रस्ता मॉलमधून. बुर्ज खलिफाच्या वर जायचं तर प्रवेश मॉलमधूनच. बर्फावर घसरणारी पोरं, मेट्रोच्या लांबलचक बंद पुलावरून सरकत आलेले ऑफिसवाले, असा सगळा जथा 'भेटी'त जमा होतो.

शिवाय जून ते सप्टेंबर माणसाने जायचं कुठे? बाहेर पंचेचाळीस अंश, त्यात समुद्राचा दमटपणा, चष्मा दारातच धुरकट होतो. आपल्याकडे जेवण झाल्यावर नाक्यापर्यंत हवा खायला जातात, तसे तिकडे मॉलमध्ये जातात. तिकडे हवा खाण्याची तेवढी एकच जागा असते. एका खोलीत सहा-सहा जण 'बेडस्पेस' घेऊन राहणारे बॅचलर (बायको गावाला असलेल्या दोन मुलांच्या बापालाही तिकडे बॅचलरच म्हणतात) सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये चार तास काढतात, घरी व्हिडिओ कॉल करून मागचा झगमगाट दाखवतात आणि परत येतात. मीही पहिली तीन वर्षं तेच केलं. माझ्या आईला कितीतरी दिवस वाटत होतं, की मी तिथेच राहतो.

मग मालकाला फिकीर का नाही? कारण तो कपडे विकत नाही, जागा विकतो. करारात एक ठरलेलं भाडं असतं आणि दुसरीकडे विक्रीवर टक्का. जे जास्त होईल ते द्यायचं. वर देखभालीचा खर्च, जाहिरातीची वर्गणी. नव्या मॉलमध्ये मोठ्या हायपरमार्केटला आणि सिनेमाला स्वस्तात जागा देतात, कारण माणसं ते खेचून आणतात. त्या माणसांची किंमत मधल्या छोट्या गाळ्यांकडून वसूल होते. चालत्या जागेसाठी जुन्या भाडेकरूला पागडी मोजलेलीही मी पाहिली आहे. काकांना हा शब्द तिकडे ऐकून फार बरं वाटलं. आणि दुबई मॉलसारख्या ठिकाणी मोठे ब्रँड कधीकधी नुकसान सोसूनही दुकान ठेवतात. सौदी, रशियन, चिनी, भारतीय अशा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाटी राहते. खरेदी तो आपल्या गावी जाऊन करेना का.

खरी पंचाईत मधल्यांची. आम्ही एका नव्या मॉलमध्ये दुकान घेतलं होतं, नाव राहू दे. नकाशावर समोर सिनेमा होता, शेजारी खाण्यापिण्याचा चौक. आम्ही उघडलं तेव्हा सिनेमाच्या जागी पत्र्याची भिंत आणि तिच्यावर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. ते कुटुंब दीड वर्ष हसत होतं. एका मंगळवारी दिवसभरात तीन शर्ट गेले, त्यातला एक समोरच्या परफ्यूमवाल्या पोराने घेतला, बहुधा दया येऊन. लवकर बंद करायची सोय नाही. करारात लिहिलेल्या वेळेआधी शटर ओढलं तर दंड. दोन सेल्समन दहा ते दहा उभे, दिवे चालू, एसी चालू, गाणी चालू. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार झाले की जरा हालचाल व्हायची. पंधरा तारखेनंतर झाडूवाला आणि आम्ही. तीन वर्षांनी अनामत सोडून बाहेर पडलो. मॉल अजून आहे. आमच्या जागी पत्र्याची भिंत आहे आणि तिच्यावर दुसरं कुटुंब.

एक मॉल दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवतो, ही तर जुनीच गोष्ट. १९८१ ला देरा या दुबईच्या जुन्या भागात अल घुरैर सेंटर आलं, १९९५ ला देरा सिटी सेंटर, २००५ ला घरात बर्फ पाडणारा मॉल ऑफ द एमिरेट्स. त्याच वर्षी इब्न बतूता मॉलही उघडला, त्या नावाच्या जुन्या अरब प्रवाशाच्या वाटेतल्या सहा प्रदेशांची दालनं असलेला, भारताच्या दालनात हत्तीचं घड्याळ. दुबई मॉल उघडला नोव्हेंबर २००८ मध्ये, जगभरातल्या बँका बुडत असताना. निम्मे गाळे झाकलेलेच होते आणि आमच्या ऑफिसात सगळे म्हणत होते, हा पांढरा हत्ती आहे. आम्ही साफ चुकलो. पण २०१४ मध्ये 'मॉल ऑफ द वर्ल्ड' जाहीर झाला, अख्खं शहरच छताखाली घ्यायचा बेत, तो काही जाहीर केला तसा उभा राहिला नाही. तेव्हा वाळवंटातही हिशेब करतात, एवढं लक्षात घ्या.

आणि दुबईवरून सगळ्या आखाताचा अंदाज बांधू नका. बहारीनचे मॉल वर्षानुवर्षं सौदीच्या सुट्टीवर जगले. पंचवीस किलोमीटरचा समुद्रावरचा रस्ता ओलांडून सौदी कुटुंबं यायची, मोठं आकर्षण सिनेमाचं, कारण २०१८ पर्यंत त्यांच्याकडे थिएटरच नव्हती. कतारच्या दोहात तर डिसेंबर २०१६ ते एप्रिल २०१७ या चार-पाच महिन्यांत दोन अजस्र मॉल उघडले, आणि जूनमध्ये सौदी, अमिराती वगैरे शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली. सौदीहून गाडीने येणारं गिऱ्हाईक एका रात्रीत बंद. मला त्या काळात दोहातल्या एका दुकानाचा साठा तपासायला जावं लागलं. एरवी तासाभराचं विमान, तेव्हा मस्कतमार्गे अर्धा दिवस. मॉलमध्ये थंडी अशी की स्वेटर हवा, आणि पायऱ्यांवर माझ्याच बुटांचा आवाज.

आपल्या लोकांचं म्हणाल, तर तेही बदललं. १९९६ ला दुबईचा शॉपिंग फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा मुंबईहून माणसं रिकाम्या बॅगा घेऊन यायची आणि जाताना सामानाच्या वजनावरून काउंटरवर भांडायची. मी गेलो तेव्हा दिरहम बारा रुपयांच्या आत-बाहेर होता, आता तेवीसच्या वर. २०१८ पासून पाच टक्के व्हॅट. तोच शर्ट, तोच फोन मुंबईत मिळतो, नाहीतर मोबाइलवरून मागवता येतो. आता पाहुणे मॉलमध्ये फोटो काढतात आणि खरेदीला बर दुबईच्या मीना बाजारात नाहीतर देरात जातात. एक दिरहम देऊन अब्रातून, म्हणजे तिकडच्या होडीतून, खाडी ओलांडली की काकांचाही चेहरा खुलला. तिथे भाव करता येतो. मावशीने केशर घेतलं, काकांनी नेलकटरचा डझन, अत्तराच्या चार बाटल्या आणि डोकेदुखीचा बाम. "हे गिऱ्हाईक," स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दुबई सरकारने नवीनच काढलं. सकाळी सात ते दहा मॉल चालणाऱ्यांसाठी उघडे ठेवले, नाव दिलं 'मॉलेथॉन'. माझी साखर वाढली आहे, म्हणून मीही जायचो. शटर खाली, सुरक्षारक्षक जांभया देतायत, आणि आम्ही शे-दोनशे माणसं काचेतल्या पुतळ्यांसमोरून हात हलवत फेऱ्या मारतोय. काकांना तिथून फोन लावून दाखवलं. ते दुकान उघडायच्या तयारीत होते, उदबत्ती हातात.

"दारातून गेलास तेव्हा त्या यंत्राने तुला मोजलं?"

"मोजलं असणार."

"आणि हातात काय?"

"पाण्याची बाटली. घरून आणलेली."