तुरीच्या दाण्याएवढी डोकी

आमच्या वरच्या खोलीत तीन आठवडे चाळीस माणसं मुंडक्यांशिवाय उभी होती. मुंडकी लोणच्याच्या बरणीच्या झाकणात काढून ठेवली होती. बायको झाडायला यायची तेव्हा दारातूनच विचारायची, "आज कुणाचं डोकं सांडलंय का?" कारण एकदा एक खरंच केरात गेलं होतं. तुरीच्या दाण्याएवढं ते. सुपलीत बोटं घालून शोधायला अर्धा तास लागला, आणि तेवढ्यात दोन तुरीचे दाणेही सापडले.

खेळ असा : टेबलावर बोटभर सैनिक मांडायचे, टेपनं इंच मोजून पुढं सरकवायचे, आणि कोण मेलं कोण पळालं ते फाशांनी ठरवायचं. माणूस साधारण २८ मिलिमीटर उंच. यातला जो प्रकार मला लागला तो वॉरहॅमर, इंग्लंडात १९८३ साली निघालेला. त्यात राक्षस आहेत, बुटके आहेत, जादूगार आहेत. पण माणसांच्या फौजेचा पेहराव मात्र सरळसरळ सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री पायदळाचा. फुगीर बाह्या, बाह्यांना उभे काप, टोपीत पिसं. म्हणजे त्यांनी त्यांच्याकडचा इतिहास घेतला आणि त्याच्या डोक्यावर ग्रिफिन सोडला, म्हणजे सिंहाच्या अंगाचं, गरुडाच्या डोक्यापंखांचं जनावर. मला वाटलं, सोळावं शतक आपल्याकडेही होतंच की.

आणि कसं होतं! हुसेन निजामशहानं आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण दिला. कुणी हंडे-कळश्या देतं, कुणी पलंग देतं, यांनी आमचं गाव दिलं. पुढं १५६५ साली हे सगळे सोयरे मिळून तालिकोटच्या लढाईत विजयनगरवर चालून गेले. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं जाताना तो भुईकोट दिसतो, आणि दर वेळी मला वाटतं, वरातीत हा मिरवला कसा असेल.

तर ठरलं : आदिलशाही फौज. पण तसे सैनिक आयते पाहिजेत तेवढे मिळत नाहीत. मग घेतले जर्मन, आणि बसलो कापायला.

फुगीर बाह्या ब्लेडनं तासायच्या. टोपी उडवायची. मग दोन रंगांची एपॉक्सी पुट्टी, एक पट्टी निळी, एक पिवळी. मळून मळून हिरवी झाली की तासभर ती ऐकते, नंतर दगड. आमचं एम-सील स्वस्त, पण ते फार लवकर आवळतं आणि बारीक घडी धरत नाही, म्हणून ते फक्त बैलांच्या वशिंडाला. पागोट्यासाठी हिरव्या पुट्टीच्या शेवया वळायच्या. अगदी शेवयाच, आईनं पाटावर वळताना पाहिलेल्या, तोच हात लागतो. बोट ओलं ठेवायचं, नाहीतर पागोटं सैनिकाला न चिकटता आपल्यालाच चिकटतं. शेवई डोक्याभोवती तिरकी गुंडाळायची आणि सुईनं पीळ दाखवायचा. पहिली दहा पागोटी जिलबीसारखी झाली. ती मी मागच्या रांगेत लावलीत.

खरी अडचण रंगात आली. जर्मनांची फौज रंगवणारा माणूस सुखी असतो. गणवेश ठरलेला, लाल-पांढरा तर लाल-पांढरा. वीस जणांना एका दमात लाल फासायचं, दुसऱ्या दिवशी पांढरं, झालं. दख्खनी फौजेला गणवेश नाही. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार, स्वतःचे कपडे घेऊन येणार. बारगिराला घोडा सरकारी, बाकी तोही आपल्याच अंगरख्यात. चाळीस माणसं म्हणजे चाळीस वेगळे निर्णय. त्यात ‘त्वचा’ असं लिहिलेल्या बाटलीतून गुलाबी रंग निघतो, तो आपल्याकडच्या माणसाला लावला तर उन्हानं सोलपटल्यासारखा दिसतो. मी चहासारखा तपकिरी करून घेतला. काहींना दूध कमी, काहींना जास्त.

बारा जण रंगवून ओळीत लावले, तर ती फौज दिसेना. मंगळवार बाजार दिसला. जो तो आपला आपला निघालेला.

अप्पा तेव्हा वर आले. अप्पांनी बत्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढलं : चौकटीच्या कागदावर घरं भरायची, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं जॅकार्ड यंत्रावर चढली की मागावर मोर उतरायचा. माझ्या छंदाबद्दल त्यांचं मत इतकंच की डोळे जातील. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एक स्वार उचलला, फिरवून पाहिला.

"बाणा रोज बदलला तर चालतंय," ते म्हणाले, "ताणा एक ठेव की."

"म्हंजे?"

"एक रंग धर. सगळ्यांच्यात कुठंतरी दिसू दे. याच्या कमरेला, त्याच्या पागोट्याला, घोड्याच्या लगामाला. मग वरनं काय पाहिजे ते घाल."

मी मंजिष्ठाचा लाल धरला. थोडा विटकरीकडे झुकणारा. कुणाच्या शेल्याला, कुणाच्या जोड्याला, एकाच्या नुसत्या म्यानाच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी बारा जण पुन्हा ओळीत लावले, आणि ते एका धन्याचे वाटायला लागले. इंटरनेटवर यावर तासतासभराचे व्हिडिओ आहेत. अप्पांना दोन वाक्यं लागली.

आता अद्भुताचा भाग. नव्या पेठेतला माझा मित्र (सोलापुरात या खेळाची गंमत कळणारा तेवढाच एक) म्हणाला, "काय बे, इतिहास का राक्षस, एक काहीतरी ठरव की. आदिलशाहीत उडणारं जनावर कुठनं आणलास?"

कुठनं आणलं म्हणजे काय. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर मान वर करून बघावं. सिंहाच्या अंगाचा शरभ पंजाखाली हत्ती दाबून बसलेला असतो, आणि हत्ती मांजराच्या पिल्लाएवढे. कर्नाटकाच्या राजचिन्हात आजही दोन डोक्यांचा गंडभेरुंड आहे. विजापूरची मुलूख-ए-मैदान तोफ, १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, सुमारे ५५ टनांची, आधी आपल्या शेजारच्या परांड्यावर होती, तिचं तोंडच सिंहाच्या जबड्याचं आणि जबड्यात हत्ती. मला काही शोधावं लागलं नाही. ग्रिफिन मागवण्याआधी गावाबाहेर पडून वर बघायला हवं होतं, एवढंच.

ग्रिफिन तरी मागवलाच होता. त्याचं गरुडाचं डोकं उडवलं. सिंहाचं डोकं मिळालं गड्ड्यात. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर खेळण्यांची रांग लागते, तिथं प्लॅस्टिकच्या जनावरांची पिशवी असते : सिंह, झेब्रा, हत्ती, सगळे एकाच उंचीचे. लहानपणी मला याचा राग यायचा, हत्ती सिंहाएवढा कसा म्हणून. या खेपेला पिशवी उलटी केली तर एक हत्ती सिंहापेक्षाही बारका निघाला. शरभाच्या पंजाखाली तो असा बसला की जणू साच्यातून तसाच आला. पाथरवटाचं आणि खेळणीवाल्याचं प्रमाण एकच निघालं.

उन्हाळ्याबद्दल फार बोलत नाही. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसवर असताना प्रायमरचा फवारा मारला, तो वाटेतच वाळला आणि सैनिकांवर रवा सांडल्यासारखा बसला. तीन जण पुन्हा घासले. तेव्हापासून फवारणी पहाटे साडेपाचला, गच्चीवर. ब्रशवरचा रंग वाळू नये म्हणून चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. हा डबा गेल्याचं बायकोला अजून कळलेलं नाही.

दुसरा डबा मात्र कळला. लढाई पुण्यात होती आणि फौज हुतात्मा एक्सप्रेसनं न्यायची होती. प्रत्येकाच्या पायाखाली चुंबक बसवलं, म्हणजे डब्यात उभे राहतील. स्वयंपाकघरातला सगळ्यात चांगला स्टीलचा डबा घेतला, तर एकही चिकटेना. चांगल्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही, हे मला चाळीस चुंबकं चिकटवून झाल्यावर समजलं. शेवटी माळ्यावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. त्यात ते असे घट्ट उभे राहिले की कुर्डुवाडीच्या धक्क्यालाही कुणी हललं नाही.

निघायच्या आदल्या रात्री अप्पा चौकटीचा कागद घेऊन वर आले. तोफेच्या बैलांपैकी एकाची पाठ त्यांना मोकळी वाटत होती. "यावर चादर टाक एक." कागदावर बारा बाय बारा घरं आखलेली. मोर काढून बघितला होता, खोडला होता. "मोर बसत नाही बाराच्या घरात. बुट्टा घे." मी शून्य नंबरच्या ब्रशनं, श्वास धरून, बुट्टा घेतला. किनार अप्पांनी सांगितली तशी. बैलाची पाठ माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी, आणि त्यावर सोलापुरी चादर पडली.

पुण्यात समोरच्यानं डबा उघडल्याबरोबर वाकून सगळं पाहिलं. शरभाला पंख आहेत, त्यावर चकार शब्द नाही. मागच्या रांगेतल्या जिलब्यांवर नाही. सिंहतोंडी तोफ त्यानं मोबाइलवर टिपून घेतली. मग बोट बैलाच्या पाठीवर आलं.

"हे मात्र चुकलंय तुमचं. जॅकार्ड १८०४ चं. सोळाव्या शतकात ही चादर येणार कुठून?"

"आंदणात आली," मी म्हणालो, आणि फासे टाकले.