क्लायंटचं लॉगिन: कुलूप पानाला नको, फाइलला हवं

“सध्या सगळे नकाशे व्हॉट्सॲपवरच पाठवायलोत. क्लायंटला वेबसाइटवर स्वतःचं लॉगिन द्यायचं म्हटलं तर काय काय लागतं?” लातूर, नांदेड, संभाजीनगरकडच्या आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर मंडळींकडून हा प्रश्न सारखा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितो.

व्हॉट्सॲपची अडचण फाइलच्या साइझची नाही. 2022 पासून तिथं 2 जीबीपर्यंतची फाइल जाते. खरी अडचण ही की ग्रुपवर R1 आणि R2 (पहिली आणि दुसरी दुरुस्ती) असे दोन्ही नकाशे पडून राहतात आणि साइटवरच्या मिस्त्रीला जो आधी सापडतो, त्यावर तो कॉलमचं स्टील बांधतो. 16 एमएमच्या जागी 12 एमएमची सळई पडली आणि काँक्रीट ओतून झालं, की ती चूक डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून लॉगिन कसंही करा, आत प्रत्येक प्रोजेक्टला ‘चालू’ आणि ‘जुने’ असे दोन फोल्डर ठेवाच. ‘चालू’मध्ये प्रत्येक नकाशाची एकच आवृत्ती असावी आणि ‘जुने’ फक्त ऑफिसला दिसावं. डीडब्ल्यूजीसोबत (ऑटोकॅडची मूळ फाइल) पीडीएफ हवीच, कारण डीडब्ल्यूजी क्लायंटच्या मोबाइलवर सहसा उघडत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे फाइली आपोआप तारखेप्रमाणे लागतात.

चार-पाच क्लायंट असतील तर स्वतःचं काही उभारू नका. गुगल ड्राइव्हवर प्रत्येकाचा वेगळा फोल्डर करून त्याच्या ईमेलनं शेअर करा. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय मात्र कधीच नको. ती लिंक पुढं कुणाच्या हातात गेली, याचा पत्ता लागत नाही. फुकटची 15 जीबी जागा जीमेल आणि फोटोंमध्येही वाटली जाते, हे ध्यानात ठेवा.

त्यापुढं बरेच जण वर्डप्रेसकडे, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरकडे वळतात. पानाला पासवर्ड लावतात, खाली पीडीएफ जोडतात आणि काम झालं असं समजतात. सगळ्यात मोठा धोका इथंच आहे. पानाला कुलूप लागतं, पण पीडीएफ अपलोड्सच्या फोल्डरमध्ये उघडीच राहते. तिचा थेट पत्ता ज्याच्याकडे आहे, त्याला ती पासवर्डशिवाय मिळते. तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. क्लायंट म्हणून लॉगिन करा, पीडीएफची लिंक कॉपी करा आणि इनकॉग्निटो विंडोत पेस्ट करा. फाइल उघडली, तर तुमचं लॉगिन नुसतं दाखवायला आहे. मग पत्त्यात प्रोजेक्टचा क्रमांक 17 असेल तर तिथं 18 लिहून बघा. दुसऱ्याचं घर दिसलं, तर ती त्याहून गंभीर गोष्ट. उपाय एकच: फाइली पब्लिक एचटीएमएल फोल्डरच्या (सर्व्हरवरचा सगळ्यांना उघडा असणारा भाग) बाहेर ठेवायच्या आणि प्रत्येक वेळी लॉगिन तपासूनच प्रोग्रामनं त्या द्यायच्या. ‘एचटीॲक्सेस’ या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये बंदी लिहून काही जण निर्धास्त होतात, पण एनजिनएक्स नावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर ती फाइल वाचतच नाही.

म्हणून आमचा कौल नेक्स्टक्लाउडला. गुगल ड्राइव्हसारखं, पण स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं आणि लॉगिन तपासूनच फाइल देणारं, 2016 साली सुरू झालेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दहा-पंधरा क्लायंटसाठी 2 जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्यानं मिळणारा ऑनलाइन सर्व्हर) पुरतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मात्र हे चालवू नका. लोडशेडिंगमध्ये दार बंद होईल आणि बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) नसल्यानं बाहेरून ते उघडणारही नाही. डेटाचा फोल्डर वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा. एसएसएलसाठी (वेबसाइटवरची ये-जा गुप्त ठेवायला) लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं 90 दिवसांचं सर्टिफिकेट घ्या आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय का, हे एकदा चालवून बघा.

प्रत्येक क्लायंटचा वेगळा ग्रुप करा आणि शेअरिंगच्या सेटिंगमध्ये ‘फक्त स्वतःच्या ग्रुपमध्येच शेअर’ हे चालू करा. नाहीतर शेअरच्या चौकटीत दोन अक्षरं टाइप केली की तुमच्या बाकी क्लायंटची नावं खाली यायला लागतात. क्लायंटचा कोटा (त्याच्या खात्याची स्वतःची जागा) शून्य ठेवा, म्हणजे तो फाइली टाकेल त्या तुम्ही दिलेल्या फोल्डरमध्येच. नवरा, बायको आणि ठेकेदार मिळून एक पासवर्ड वापरत असतील तर तिघांना तीन लॉगिन द्या. ठेकेदार बदलला की फक्त त्याचंच बंद करता येतं.

मोठी फाइल चढत नसेल तर दोष बहुतेक वेळा मर्यादांचा असतो. पीएचपीची (नेक्स्टक्लाउड ज्या भाषेत लिहिलंय ती) अपलोड मर्यादा मुळात 2 एमबी, पोस्टची (एका वेळी पाठवलेल्या सगळ्या डेटाची) 8 एमबी आणि एनजिनएक्सची 1 एमबी असते. तिन्ही ठिकाणी 512 एमबी करा. एक जरी विसरलात तरी 413 एरर (फाइल फार मोठी) किंवा अर्धवट अपलोड. पासवर्ड रीसेटचा मेल पोचत नसेल तर कारण बहुधा हे: बरेच व्हीपीएसवाले मेल पाठवायचा पोर्ट 25 बंद ठेवतात, म्हणून 587 वरून मेल सेवेमार्फत पाठवा आणि डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमचाच आहे हे दाखवणाऱ्या नोंदी) लावा.

ओटीपी ॲप (मोबाइलवर लॉगिनचा कोड तयार करणारं) ऑफिसच्या प्रत्येक लॉगिनला सक्तीचं करा. क्लायंटला आम्ही सक्ती करत नाही, कारण वयस्कर मालक तिथंच अडकून पुन्हा व्हॉट्सॲपवर जातात. मोबाइलची वेळ चुकीची असली की सहा आकडी कोड लागत नाही, म्हणून वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवायला सांगा.

बॅकअपमध्ये डेटा, डेटाबेस आणि कॉन्फिग (सेटिंगची) फाइल ही तिन्ही हवीत आणि एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असावी. अपडेट करताना मोठी आवृत्ती ओलांडता येत नाही. 29 वरून 31 ला जायचं तर मध्ये 30 वर थांबावंच लागतं. वर्षभर दुर्लक्ष केलं की हे काम अवघड होऊन बसतं.

बांधकाम परवानगीसाठी घेतलेली आधारची प्रत, सातबारा, खरेदीखत ‘चालू’मध्ये टाकू नका, ठेकेदाराला ते दिसायचं कारण नाही. त्यासाठी मालकापुरता वेगळा फोल्डर ठेवा आणि गरज संपली की प्रती काढून टाका. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे.

घराचा ताबा दिल्यावर नकाशांचा अंतिम संच क्लायंटला झिप करून द्या आणि त्याचं खातं डिसेबल करा, डिलीट नको. डिलीट केलं की ते खातं पुन्हा पहिल्यापासून उभारावं लागतं. उद्या वरचा मजला चढवायला तो परत आला, तर डिसेबल केलेलं खातं एका क्लिकवर चालू होतं.