टसरच्या स्कॅफोल्डवर एमटीटी लावताना

गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होणाऱ्या टसर रेशमाच्या फायब्रोइन या मुख्य प्रथिनात आरजीडी हा अमिनो आम्लांचा क्रम मुळातच असतो आणि पेशी त्याला धरून बसतात. तुतीच्या रेशमात तो नसतो. म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांनी टसरच्या स्कॅफोल्डवर, म्हणजे पेशी वाढवायच्या सच्छिद्र आधारावर, काम करावंच. फक्त एमटीटी या रंगाच्या चाचणीचा आकडा दाखवून 'पेशी वाढल्या' म्हणू नये. एमटीटी पेशी मोजत नाही. पेशींतली एन्झाइमं पिवळ्या एमटीटीचं किती जांभळं फॉर्मझान करतात, तेवढंच ते सांगतं.

टसरच्या कोशात टॅनिन असतं. डिगमिंग (रेशमावरचा डिंक काढणं) कच्चं राहिलं तर ते उरतं आणि पेशी नसतानाही जांभळा रंग आणतं. प्रत्येक प्लेटमध्ये बिनपेशींचे किमान तीन तुकडे ठेवा, त्यांनाही तेवढाच वेळ एमटीटी द्या आणि त्यांची सरासरी वजा करा. हे तुकडे नसतील तर त्या आलेखावर मी विश्वास ठेवत नाही.

सीडिंगच्या वेळी, म्हणजे पेशी टाकताना, बऱ्याच पेशी स्कॅफोल्डवर न बसता वेलच्या (प्लेटमधल्या खळग्याच्या) तळाशी चिकटतात. तुकडा निर्जंतुक चिमट्यानं नव्या प्लेटमध्ये हलवा, मगच एमटीटी घाला: मिलिलिटरला 0.5 मिलिग्रॅम, 37 अंशांवर 3 तास, अंधारात. फॉर्मझान छिद्रांत अडकतं, म्हणून ते विरघळवणारं डीएमएसओ घालून 15-20 मिनिटं शेकरवर ठेवा. मग 100 मायक्रोलिटर द्रव कोऱ्या 96 वेलच्या प्लेटमध्ये घेऊन 570 नॅनोमीटरला रंगाचं शोषण वाचा. तुकडा अजून जांभळाच दिसला, तर पुन्हा डीएमएसओ द्या आणि तेही वाचन धरा.

वाचनावरून पेशींची संख्या काढायचा प्रमाण आलेख प्लास्टिकवरच्या पेशींचा चालत नाही. त्याच मापाच्या तुकड्यांवर 5, 10, 20, 40 हजार पेशी टाका, चिकटल्यावर वाचा, न चिकटलेल्या मोजून वजा करा. पडताळणीला डीएनए मोजा; माणसाच्या एका पेशीत तो सुमारे 6.6 पिकोग्रॅम असतो.

आयएसओ 10993-5 या वैद्यकीय साहित्याच्या चाचणीच्या मानकातली, पेशींच्या जिवंतपणाची 70 टक्क्यांची रेघ विषारीपणाची आहे. ती ओलांडली म्हणजे ऊती तयार होतेय, असं होत नाही. ही गल्लत फार दिसते.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कडेच्या वेल आधी आटतात आणि त्यांचं वाचन भरकटतं. त्यांत नमुना न ठेवता 200 मायक्रोलिटर पीबीएस (क्षारांचं द्रावण) भरा. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये बोअरचं जड पाणी नको, क्षार धरतात, डिस्टिल्डच वापरा.